सुधाकरने पाहिलेली जागा

चहा होईपर्यंत सुधाकरचं सांगतो. नव्याण्णव साल होतं. दोन हजार उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडणार, म्हणून सगळ्यांना टेन्शन. जुईनगरला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहणारा सुधाकर सोसायटीच्या मीटिंगलाही फिरकायचा नाही, पण मला गाठून म्हणायचा, "वाशीचं मार्केट आठवडाभर बंद राहू दे, सगळे उपाशी मराल. मला अशी जागा पाहिजे, जिथे कुणाचीच गरज लागणार नाही."

तशी जागा तळोजाच्या पलीकडे विकायला निघाली, तेव्हा बघायला मलाही घेऊन गेला. मालकीण म्हातारी, घरात एकटीच. सुधाकरने विहिरीत वाकून पाहिलं, शेतातली माती हातात चोळून पाहिली.

"आजी, मे महिन्यात पाणी असतं?"

"ही हीर कदी आटली नाय."

"आणि भात?"

"खाऊन उरतंय."

"मग विकताय कशाला?"

म्हातारीने अंगणाकडे पाहिलं.

"वाडीतली पोरं कंपनीत लागली, तिकडंच ऱ्हायला गेली. गेल्या साली आमचा म्हातारा सकालीच गेला. खांदा द्यायला चार मानसं मिलली नाय. कंपनी सुटंपरत त्याला हितंच ठेवलेला, अंगनात."

सुधाकरने हाताची माती झटकली. एसटीने आम्ही जुईनगरला परतलो. बिल्डिंगचा जिना चढताना तो मध्येच थांबला आणि हळू आवाजात मला म्हणाला,

"माझ्या मजल्यावर कोण कोण राहतं रे?"