टेनबीचा फोटो

वेल्समधल्या कार्मार्थनच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोन आज्या उभ्या होत्या.

“पार्किंगवाल्यांचा दंड भरलास का गं, नेरिस?”

“का भरू? सकाळी दहा मिनिटं गाडी लावली, संध्याकाळी पुन्हा दहा मिनिटं. त्यांच्या कॅमेऱ्यानं मधलं जाणं-येणं टिपलंच नाही. म्हणे, गाडी दिवसभर इथंच होती!”

“मग भांडायचं ना!”

“भांडले की. तर म्हणाले, मधल्या वेळात गाडी दुसरीकडे होती, याचा पुरावा द्या.”

“दिलास?”

“फोटो पाठवला, तारीख-वेळेसकट. टेनबीचा किनारा, मागं गाडी, पुढं मी आइस्क्रीम खातेय. दंड रद्द!”

“टेनबी? मला तर दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणालीस!”

“रद्द झाला, ते ऐक ना, ग्वेंडा.”

“थांब. फोटो काढला कुणी?”

“एम्लिननं.”

“आपल्याबरोबर चर्चमध्ये गातो, तो एम्लिन?”

“हळू बोल गं, लोक ऐकतायत.”

“आणि हा फोटो माझ्याआधी पार्किंगवाल्यांनी पाहिला? दाखव इकडे... अगं बाई! तुझा नवरा ग्विलिम गेल्यापासून तुला असं हसताना पाहिलंच नव्हतं मी.”

“आणखी आहेत. दाखवू?”

बस आली.

“तुम्ही व्हा पुढं,” ग्वेंडा मला म्हणाली. “आम्ही पुढच्या बसनं येतो.”