शनिवारच्या वर्गाची सही

नाही, नाही, नीलम, सही करणार नाही असं कुठे म्हणालो मी? — बस ना, उभी का? — थोडा वेळ दे म्हणालो. तीन आठवडे झाले, हो, ठाऊक आहे. वाचनालयाची समिती रोज फोन करते, सर, शनिवारचा वेबसाइट बनवायचा वर्ग सुरू करू का? तीस वर्षं कॉलेजात संगणक शिकवला, म्हणून माझ्या सहीवर अडलंय सगळं. आणि शिकवणार कोण? तू. पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसणारी. रागावू नकोस गं — माझं मलाच बोलतोय.

माझ्या वर्गात पहिले तीन महिने मशीनला हात लावायचा नाही. कागद, पेन्सिल, एकेक ओळीवर बोट ठेवून प्रोग्राम मनात चालवायचा — पाया नको पक्का व्हायला? चाळीसजण यायचे, दिवाळीपर्यंत सात उरायचे. मला वाटायचं, बरं झालं, गाळ निघाला. आता वाटतं — जाऊ दे. तुझं काय, माउसनं तयार चौकोन उचलायचा, वेबसाइटच्या पानावर सोडायचा, झाला फॉर्म! आतल्या हजारो ओळी कुणीतरी लिहून झाकून ठेवल्यात. बिघडलं तर? तर म्हणतेस, झाकण उघडून बघेन तेव्हा. पण खरं सांगू? वाचनालयाच्या वेबसाइटवरचा सभासद नोंदणीचा फॉर्म आधी मीच घेतला होता करायला. सगळा हातानं. दोन वर्षं. मोबाइलवर बटण पडद्याबाहेरच जायचं. कुणाला बोललो नाही. तू नऊ दिवसांत केलास, आणि मी आठवडाभर त्यात चूक शोधत बसलो. सापडली — फोन नंबरच्या जागी अक्षरंही चालतात. समितीपुढे काढायला राखून ठेवली होती. बघ, या वयात! काय? परवाच दुरुस्त केलीस? वाचनालयात येणाऱ्या रुक्मिणीबाईंनी फॉर्म भरताना तिथं नाव लिहिलं, तेव्हा कळलं? ...हं.

दाखव ती वर्गाला येणाऱ्यांची यादी. बावीस नावं? शिवदास रिक्षावाला, पोळीभाजी केंद्राच्या जानकीबाई... आणि ही विमला परब — आमची विमला? आत चहा टाकतेय ती? मला बोलली नाही. का बोलेल? लग्नानंतर मीच शिकवायला बसलो होतो तिला. बाराव्या दिवशी वही मिटली तिनं. तिनं कसली — मी म्हणालो, हे तुझं काम नाही. म्हणालो होतो.

पेन दे. इथे ना? झालं. निघ आता. नाही, चहाला नको थांबूस, आज नको. आणि वर्गात तिला जरा — नाही, काही नाही. दार ओढून घे.