पंखवाला आणि बिनपंखाची

त्या सकाळी अंगण सारवून झालं होतं आणि मी ओट्यावर तुरी पाखडत होते. न्हाणीच्या कामासाठी आणलेली धाम नदीची वाळू कोपऱ्यात पडली होती. भांडी घासायला आलेली भागाबाई वाळूकडे बघून म्हणाली, “बाई, मिरगाचा किडा! उचलू का?”

“चैतात मिरगाचा किडा कुठून येईल, भागाबाई?” मी म्हणेपर्यंत तिनं उचललासुद्धा.

“आई वो! किडा कायचा, इंगळ हाय हा!”

माननीय अध्यक्ष नानासाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होत असलेले प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख पुंडलिकराव, प्राध्यापक मंडळी आणि मागे सतरंजीवर बसवलेल्या माझ्या बहिणींनो, सगळ्यांना नमस्कार. नमस्कार आधी करायचा असतो, ठाऊक आहे. पण कार्यक्रमात माझ्या वाट्याला फक्त दोन शब्द आलेत. म्हटलं, ते आधी कामाला लावावेत.

आमचे हे याच विभागात शिकवत. भागाबाईच्या ओरडण्यानं ते चहा टाकून, दाराआडची जाळी घेऊन बाहेर आले. तिच्या हातून सुटलेली लाल, केसाळ, बिनपंखाची मुंगी वाळूवर पळत होती. हिला मखमली मुंगी म्हणतात, पण जात गांधीलमाशीची. तेवढ्यात वरून एक काळा, पंखवाला उतरला. त्यानं तिला धरलं आणि घेऊन उडाला.

भागाबाई बोट चोखत म्हणाली, “घ्या, नवरा आला तिले न्यायले!”

ह्यांनी जाळी फिरवली. दोघं एकाच फटक्यात सापडली.

अशी जोडी सापडली की दोघांना एकाच टाचणीवर, एकाखाली एक टोचायचं, ही ह्या कामातली रीत. ह्यांनी तसंच केलं. राजपुतान्याच्या वाळवंटात अशी एक जात आहे. तीच आपल्या वाळूत आली, की ही निराळीच? आणखी एक उन्हाळा पाहू आणि मग लिहू, म्हणाले. भाद्रपदात विषमज्वरानं गेले. तो उन्हाळा मी एकटीनं पाहिला. घरात त्यांची पुस्तकं होती, दिवस मोठे होते. इंग्रजी अक्षर लावत लावत मी ती वाचायला शिकले.

पुंडलिकरावांना उन्हाळ्याची गरज पडली नाही. ह्यांनी विभागात ठेवलेली ती जोडी त्यांनी सोडवून दोन टाचण्यांवर टोचली आणि दोन नव्या जाती जाहीर केल्या. काऊन? तर जात एकच धरली असती, तर नाव कोणाचं द्यायचं? आता अडचण उरली नाही. पंखवाल्याला अध्यक्षांचं आडनाव, बिनपंखाचीला स्वतःचं. हसू नका, नानासाहेब. मी पाहिलं ते खरं धरलं, तर तुमचं दोघांचं लग्न लागलेलं आहे, आणि त्यात नवरी पुंडलिकराव आहेत.

आजच्या समारंभासाठी दोन्ही किड्यांच्या पेट्यांना आतून मखमल लावायची होती. ते काम बाईचं, म्हणून माझ्याकडे आलं. पेट्या उघडून पाहिल्या आणि तशीच पुंडलिकरावांच्या घरी गेले.

“भाऊजी, ही जोडी आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“वहिनी, एकाला पंख, दुसरीला नाहीत. एक काळा, एक लाल. एका घरातले असतील कसे?”

“तुमच्या घरात कोण कोण उडतं, भाऊजी?”

आतून त्यांच्या पत्नी देवकाबाई हसल्याचं मला ऐकू आलं. पुंडलिकरावांनाही आलं असावं.

“भावना आवरा, वहिनी. रविवारी समारंभ झाला की पेट्या कलकत्त्याला जातील. तिथल्या संग्रहालयाच्या कपाटांत कायमच्या राहतील.”

भावना मी रोज सकाळी घर झाडायच्या आधी आवरते. मी किड्यांबद्दल बोलत होते. ती दोघं एकदा दोन कपाटांत गेली, की ह्यांनी त्या सकाळी जे पाहिलं, ते कोणी पाहिलंच नव्हतं असं होईल. ह्यांचं मागे तेवढंच उरलं आहे.

मला पुंडलिकरावांचे गुण सांगायला बोलावलं आहे. एक सांगते. इतक्या वर्षांत त्यांच्या बुटांना वाळूचा कण लागलेला मी पाहिला नाही. किड्यांवर लिहिणाऱ्या माणसाला हे साधणं सोपं नसतं. निवृत्तीनंतर त्यांना आरोग्य लाभो, आणि जमलं तर अंगणात बसायला वेळही.

मला इथे उभं केलंत, त्याबद्दल समितीचे आभार. बाई माणूस, शाळा न पाहिलेली. बोलण्यात काही तिखट गेलं असेल तर थोडं पाणी पिऊन घ्या आणि मला क्षमा करा. टेबलावर रेशमी फितीनं बांधलेल्या त्या पेट्या आहेत. अध्यक्ष आता त्या उघडतील, म्हणून शेवटचं सांगते. पुंडलिकरावांनी भावना आवरायला सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन्ही पेट्यांना मखमल लावली, लाल मादी टाचणीला धरून अलगद उचलली, काळ्या नराच्या पेटीत त्याच्याशेजारी टोचली, आणि दुसरी पेटी रिकामीच बांधली.