काढा औषधात धरत नाहीत

...आणि वर मलाच विचारतात, आधी का नाही सांगितलं म्हणून. अहो, काय सांगायचं? तुम्हाला सांगतो, डॉक्टरांनी विचारलं, 'जयसिंगराव, आणखी कुठलं औषध चालू आहे का?' मी म्हटलं, नाही. खोटं बोललो का मी? काढा कुणी औषधात धरतं का? घरचंच आहे, त्याला काय होतंय.

हृदयात स्टेंट टाकून संत तुकाराम नगरात परत आलो, तर भेटायला येणारं माणूस मोकळ्या हातानं येईना. पूर्वी बिचारे बिस्किटाचा पुडा आणायचे. आता? शेजारच्या कुसुमताई ज्येष्ठमधाचा काढा घेऊन हजर, चांगली दोन लिटरची बाटली, 'भाऊजी, अनशापोटी घ्या हं, आमच्या ह्यांना बघा, तीन जिने चढतात...' मेव्हण्यानं लसणाच्या गोळ्यांचा डबा आणला. नको म्हणायची सोय आहे का? दर रविवारी बाटली संपली का ते बघायला येतात हो. आमची बायको भिमाबाई म्हणते, 'लोक एवढ्या मायेनं आणतात, घ्या की. घरचंच आहे, त्याला काय होतंय.'

घेतलं. डॉक्टरांच्या बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या, वर काढा, वर लसूण... दाढी करताना ब्लेड लागलं, तर पाऊण तास रक्त थांबेना. बीपी एकशे ऐंशी. चाकणला कंपनीच्या डॉक्टरनं लिहून दिलं, बीपी उतरेपर्यंत क्रेनवर चढायचं नाही. अठ्ठावीस वर्षं क्रेन चालवली राव, आता खाली बसून पोरांना हेल्मेट वाटतोय. भीती वाटते हो. खरंच वाटते.

शेवटी भिमाबाईला घेऊन, बाटली-डब्यासकट दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. 'ज्येष्ठमधानं बीपी चढतं, लसणानं रक्त आणखी पातळ होतं. हे आणि माझ्या गोळ्या, दोन्ही एकत्र घ्यायचं नाही म्हणजे नाही.' मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय. घरी येऊन भिमाबाईनं कुसुमताईंना बोलावलं, दोघींनी चहा घेत विचार केला, दोन्ही एकत्र नको ना, मग एक बंद करू... आणि गोळ्या बंद केल्या. काढा कसा बंद करणार? घरचाच आहे.

आता माझ्या गोळ्या कंपनीच्या लॉकरमध्ये असतात. बाकीचे शेडमागं जाऊन लपून तंबाखू मळतात, त्यांच्याच शेजारी उभा राहून मी बीपीची गोळी खातो... मग तोंड पुसतो, घरी येतो, आणि निमूट काढा पितो.