कशाच्या मानाने?

...आणि वर मलाच म्हणतात, सरळ उत्तर द्यायला काय जातं गं तुझं? तुम्हाला सांगते, माझं काही जात नाही, पण सरळ उत्तर असायला तर हवं ना? माझं कामच तसलं. मूल होत नाही त्या बायकांना हार्मोनची इंजेक्शनं देतात, त्या औषधात जोर किती ते मी मोजते. लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं, ठेवलं काट्यावर, झालं! अहो, वजन सारखं असलं तरी एका बॅचमध्ये दम असतो आणि दुसरी म्हणजे नुसती पांढरी पूड. म्हणून जगभरच्या लॅबवाल्यांनी मिळून एक कुपी ठरवली, तिला म्हणायचं स्टँडर्ड. काही लहान उंदरिणींना नवं औषध टोचायचं, काहींना स्टँडर्ड, आणि कुणाचं अंडाशय किती वाढलं ते ताडून बघायचं. ही कुपी नव्हती तेव्हा ज्याचं त्याचं माप आणि ज्याचा त्याचा आकडा, एकीकडे धड लागू न पडणारा डोस दुसरीकडे डोईजड, आणि भोगायचं बायकांनी. म्हणून आमच्याकडे कुणी नुसतं म्हणू दे, 'जोरदार आहे', की साहेब चष्म्यावरून बघतात, 'कशाच्या मानाने?'

हे ऐकून ऐकून माझ्याही जिभेला तेच वळण लागलं हो. शेजारीण चहा देते, विचारते, 'गोड झालाय का?' मी म्हणते, कशाच्या मानाने? तिने चहा देणंच बंद केलं. सासूबाईंचं मात्र बरं, त्यांचं स्टँडर्ड कायम हाताशी, माझी धाकटी जाऊ. 'अगं, तू सुकलीस बाई.' कशाच्या मानाने? 'धाकटीच्या!' धाकटीला दोन मुलं आहेत, पुढे काही बोलायची सोयच नाही.

मग माझ्यावरच वेळ आली. तीच इंजेक्शनं. खोक्यावरचा बॅच नंबर बघितला तर मीच पास केलेली बॅच! म्हणजे बघा, गुण आला नाही तर माणूस निदान औषधाला शिव्या तरी घालतो, मला तीही सोय राहिली नाही. उंदरिणींना लागू पडलं, मला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'असं होतं कधी कधी, मनाला लावून घेऊ नका.' बरं, नाही लावून घेत... कुठे ठेवू मग?

त्या दिवशी आम्ही दोघं घरी आलो. नवरा पलंगाच्या कडेला बसला, एक बूट काढलेला, एक तसाच. खाली मान घालून म्हणाला, 'खूप वाईट वाटतंय का गं तुला?' आणि माझ्या तोंडून गेलं, कशाच्या मानाने? अहो, चेष्टा नव्हती हो ती! मला खरंच विचारायचं होतं, तुला किती वाटतंय ते सांग की, म्हणजे मला माझं कळेल. दोघांचं एकच दुःख, जरा शेजारी शेजारी ठेवून बघू... पण त्याने तो काढलेला बूट परत पायात घातला आणि गेला बाहेर. पुढे परगावच्या साइटवर कामच घेतलं. आता फोन करतो, दर रविवारी.

घरात मी एकटी. एकटी म्हणजे अशी की भाजीत मीठ पडलं की नाही हेही मीच सांगायचं आणि मीच ऐकायचं. सासूबाई म्हणतात, 'सवय होईल.' कशाच्या मानाने म्हणतात कोण जाणे, त्यांच्या घरात सदा दहा माणसं.

आता डॉक्टरीणबाई मागे लागल्यात, 'आणखी एकदा प्रयत्न करायचा का? दोघांनी मिळून ठरवा.' दोघांनी मिळून! म्हटलं, ठीक आहे, या रविवारी सांगायचंच. मी बरी नाहीये, मला करमत नाही, तू घरी ये, मला आणखी एकदा प्रयत्न करून बघायचाय. आठवडाभर उंदरिणींच्या पिंजऱ्यासमोर पाठ केलं. त्या बिचाऱ्या ऐकून घेतात, उलट विचारत नाहीत.

फोन आला. मागे कसलं तरी यंत्र धडधडत होतं. 'कशी आहेस?'

नेहमीचं उत्तर अगदी जिभेवर आलं होतं, ते गिळलं. म्हटलं, आज नाही, आज सरळ बोलायचं. श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि काय बाहेर पडावं? 'बरी आहे.'

'हो? चला, बरं झालं,' म्हणाला. 'मला उगाच काळजी लागली होती. मग डॉक्टरांचं काय ते निवांत बघू, घाई नाही ना?' आणि ठेवला फोन.

आता तुम्हीच सांगा, आमच्या लॅबमध्ये एकदाच आलेल्या आकड्यावर कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवत नाही. उंदरिणीचा असला तरी साहेब म्हणतात, परत मोजा. आणि माझा नवरा... एकदा विचारलं, एकदा ऐकलं, आणि पास करून टाकलं मला.