नितळ बाटली

सकाळी आठ वाजता प्रयोगशाळेच्या बाकावर ताईने धाकट्या भावाच्या हातातली लघवीची बाटली काढून घेतली. तो ट्रक चालवायचा आणि ताईला किडनी देणार होता. मागे रक्त द्यायला बसलेल्या एका शिंपिणीच्या हातातलं वर्तमानपत्र वाचायचं राहिलं.

"दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहीस, आणि लघवी इतकी नितळ?"

"आज भरपूर प्यायलो."

"माझ्याकडे बघून सांग. कुणाची आहे?"

"हळू बोल ना. घरचीच आहे."

"म्हणजे?"

"हिची."

"शाबास! उद्या डॉक्टर सांगतील, तुलाच दिवस गेलेत म्हणून."

"ताई, चेष्टा नको."

"मग तुझी कशी होते ते सांग."

"महिनाभर लालसर होतेय. दुखत काही नाही. गाडीच्या हादऱ्यांनी असेल."

"माझंही दुखत नव्हतं. मी म्हणत बसले, बीट खाल्लं म्हणून. आईचंही तसंच झालं."

"म्हणूनच बोललो नाही. डॉक्टरांना कळलं तर माझी किडनी घेणार नाहीत. मग तुझं काय?"

"मला डायलिसिसचं मशीन आहे. एका घरात दोघं मशीनवर नकोत रे."

खिडकीतून भावाला हाक आली. ताईने भरलेली बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली, खिडकीवरून रिकामी मागून घेतली आणि त्याच्या हातात कोंबली. तो संडासात गेला.

शिंपिणीचं रक्त घेऊन झालं, तरी ते दार बंदच होतं. ताई दाराला कान लावून उभी होती.

"नळ बंद कर. पाणी मिसळलंस तर पुन्हा द्यायला लावीन."

आत पाणी वाहतच होतं.