कमलाकाकूंचा नमस्कार

(रत्नागिरी, १९८४. चैत्रातली दुपार. कमलाकाकूंचं स्वयंपाकघर; समोर शेजारची वासंती.)

वासंती : मी पाटावर बसणार नाही, काकू. आणि पुन्हा ‘तुम्ही’ म्हणालात तर उठून जाईन.

कमलाकाकू : मग काय म्हणू? दोन दिवस देवळात नारदाच्या गादीवर उभ्या आहात.

वासंती : बाबांचा घसा बसला, उत्सवाला दुसरे बुवा मिळेनात, म्हणून. गेल्या महिन्यात तर तुम्हीच म्हणालात, “वासंती गो, उत्सव झाला की तुला आमच्या चारूसाठी मागायला येते.”

कमलाकाकू : म्हटलं होतं खरं.

वासंती : मग?

कमलाकाकू : मग परवा तुम्ही आख्यान लावलंत. नवरा तारवावरून परतलाच नाही, त्या बाईचं. हे जाऊन दोन वर्षं झाली, माझे डोळे कोरडेच होते हो. परवा काय झालं कोण जाणे. हार घातला नि तुमच्या पायांवर डोकंच टेकलं.

वासंती : सगळेच टेकतात. तो नमस्कार गादीला. मला नव्हे.

कमलाकाकू : ते मला नका शिकवू, जन्म गेला कीर्तनं ऐकण्यात. पण कपाळाला पैंजण टोचलं ते तुमचंच ना?

वासंती : चारू काय म्हणतो?

कमलाकाकू : काय म्हणणार मेला. मिरकरवाड्याहून, बर्फाच्या कारखान्यातून येतो नि तुमचं परवाचं कीर्तन टेपवर भरून घेतलंय, ती कॅसेट लावून बसतो. इकडे भाजी चिरता चिरता माझे हात जोडले जातात. उद्या तुम्हालाच, ‘जा गो, विहिरीवरून दोन कळशा आण,’ कसं सांगू?

वासंती : न सांगता आणीन.

कमलाकाकू : आणाल. मला ते बघवायचं नाही.

वासंती : मग कीर्तन सोडते. आजचं शेवटचं.

कमलाकाकू : म्हणजे सुनेच्या लोभापायी मी हरिकथा बंद पाडली, हे पाप माझ्या माथी. आणि खरं सांगा, सोडवेल? देवाला स्मरून सांगा.

वासंती : नाही सोडवणार. चार माणसांत मला कधी बोलता यायचं नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तिथे झांजा हातात घेतल्या की बोलते ती कोण, माझं मलाच कळत नाही. पण खाली उतरले की पहिल्यांदा चारू कुठे बसलाय ते बघते. ती पण मीच ना, काकू?

कमलाकाकू : असाल. मला आता एकच दिसते.

वासंती : मला या घरात यायचंय.

कमलाकाकू : या की. कधीही या. घर तुमचंच आहे.

वासंती : तसं नव्हे.

कमलाकाकू : कळतंय हो मला. चहा निवतोय, घ्या.

वासंती : घेतला. कप तेवढा विसळून ठेवते.

कमलाकाकू : राहू द्या. ठेवा तिथेच. मी विसळते.